कान

हलगी आधी शेकावी लागते.
पाचट पेटवून वर धरली
की कातडं ताणतं,
मग बोट नुसतं टेकलं तरी बोलते.
भाळवणीच्या मैदानाला मी बावीस वर्षं वाजवतोय.

यंदा बापू चारला आले.
मागं सतरा गाड्या, पुढं मी.
मैदानाचे पैसे कमिटी देते, स्वागताचे कार्यकर्ता.
पाकिटं वेगळी, ताल वेगळा.
कुस्तीला हात आपोआप पडतो,
स्वागताला मोजून.

आखाड्याच्या कडेला बापूंनी बूट काढले, मोजे राहू दिले.
चिमूटभर माती कपाळाला लावली
आणि माईक हातात येईस्तोवर
रुमालानं पुसलीसुद्धा.
"मी मुळात पैलवान," बापू म्हणाले,
"राजकारणात चुकून आलो.
घाम गाळलाय मी ह्या मातीत."

पाच-सहा हजार माणूस बसलेलं.
कुणी हसलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही.
सगळ्यांनी फक्त त्यांचे कान बघितले.

कान साबूत होते.
पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे,
मावळतीच्या उन्हात लालसर,
अलीकडून पलीकडचं दिसेल असे.

आमच्याकडं पैलवानाला ओळखपत्र लागत नाही.
मातीत घासून, खांद्याखाली चुरगळून
कान मिटत जातो,
भज्यासारखा गोळा होतो,
आत करंगळी शिरत नाही.
शेजारी यासीन वस्ताद बसले होते.
त्यांच्या कानाला मोबाईल नीट लागत नाही,
फोन आला की नातीला देतात, म्हणतात, तूच ऐक.
बापूंकडं बघत ते एवढंच बोलले :
"माणूस चांगला हाय. कान जपल्यात."

फेब्रुवारीत विट्याला, टेनिस बॉलच्या चषकात,
बापू कॉलेजात सलामीला यायचे.
दिवाळीनंतर तासगावात, कबड्डीला,
एका दमात चार गडी मारायचे.
मी तिन्हीकडं होतो, हलगी घेऊन.
मला आपली काळजी वाटली,
एवढं खेळून हा माणूस
जेवायला घरी कधी जात असेल?

मग सुदर्शन खरमाटेची कुस्ती लागली.
तिसऱ्या मिनिटाला त्यानं घिस्सा ओढला,
समोरचा गडी आभाळाकडं तोंड करून पडला,
आणि बापू माईकवर ओरडले,
"वा रं पठ्ठ्या! काय ढाक मारली!"

मैदान गप्प.
माझं टिपरू हवेत.
लिंबाच्या झाडावरून सात-आठ वर्षांचं एक पोरगं
सगळ्या तालुक्याला ऐकू जाईल असं म्हणालं,
"ओ, घिस्सा हाय त्यो!"

बापू हसले.
पोटातून, खांदे हलवत.
पोराला खाली बोलावलं, पाचशेची नोट दिली,
आणि म्हणाले, "तू शिकीव मला."
तेव्हा कुठं टाळ्या पडल्या.
दिवसभरात तेवढं एकच हसणं
मला मोजून वाजवावं लागलं नाही.

आता खरं सांगायचं तर
खऱ्या कानाचा माणूसही उभा राहिला होता मागच्या खेपेला.
पोपट पैलवान, बलवडीचे.
दोन्ही कान मिटलेले,
मानेवर माती कायमची मुरलेली.
भाषणात तीन वाक्यं, त्यातलं तिसरं अर्धं.
खोटं एकही नाही.
लोकांनी त्यांना मिरवणुकीत खांद्यावर घेतलं,
पाया पडले,
आणि डिपॉझिट घालवलं.

तालमीवरचा पत्रा बापूंनी दिलेला.
आता पावसात माती भिजत नाही,
पोरं बाराही महिने जोर मारतात.
हेही खोटं नाही.

मी वस्तादांना हळूच विचारलं,
"तुम्ही कुणाला दिलं हुतं हो, मागच्या खेपेला?"
त्यांनी सावकाश मान वळवली
आणि पार मिटलेला, डावा कान
माझ्या तोंडासमोर आणून धरला.

तेवढ्यात एक नंबरची कुस्ती पुकारली.
हलगी गार पडली होती.
मी पाचट शोधायला उठलो.